बीएनंतर एमबीबीएस: खऱ्या नियमांच्या आडून झालेली फसवणूक

कला शाखेची पदवी घेतलेली, काही वर्षं नोकरी केलेली आणि तिशीत पोचल्यावर एमबीबीएसला जायचं मनात घेतलेली जी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपण थोडे आहोत आणि विखुरलेले आहोत. घरी बोलायची सोय नसते, ऑफिसात तर नाहीच. त्यामुळे जो पहिला माणूस आपलं म्हणणं गंभीरपणे ऐकून घेतो, तो आपला वाटतो. माझे सहा लाख ऐंशी हजार रुपये अशाच एका माणसाकडे गेले. त्यातले चार लाख आईचं सोनं गहाण ठेवून काढले होते.

मी मानसशास्त्रात बीए आहे. पुण्यात एका रक्तपेढीसाठी रक्तदान शिबिरं भरवते. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असेल तर दात्याचं रक्त घेत नाहीत. शिबिरात कितीतरी बायका रांगेत उभ्या राहतात, बोटाला सुई टोचून घेतात आणि तिथूनच परत जातात. "लोहाच्या गोळ्या घ्या" एवढंच त्यांना सांगितलं जातं. कमी का आहे, पाळीत त्रास होतो का, घरी कोण किती जेवतं, हे कुणी विचारत नाही. ते विचारणारी आणि पुढचे उपचार करणारी व्हावं, असं मला वाटायला लागलं आणि ते आजही वाटतं.

माझे पैसे घेणारा तो माणूस स्वतःला शैक्षणिक सल्लागार म्हणवायचा. टिळक रस्त्यावर कार्यालय, भिंतीवर पांढऱ्या कोटातल्या मुलांचे फोटो. पहिल्या भेटीत तो जे बोलला त्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं. हेच मला सगळ्यांत आधी सांगायचं आहे. "ताई, वयाचं टेन्शनच घेऊ नका," म्हणाला, आणि ते खरं आहे: 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठीची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये निघाली, आता फक्त प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण लागतात. "बारावी आर्ट्सला झाली म्हणून दार बंद होत नाही," म्हणाला. तेही खरं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून बारावीनंतर जीवशास्त्रासारखे विषय अतिरिक्त म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून दिलेले चालतील असं स्पष्ट केलं. त्या सूचनेची प्रत त्याने माझ्यासमोर ठेवली. खालची सही, तारीख, सगळं बरोबर. मी घरी येऊन एनएमसीच्या संकेतस्थळावर ताडून पाहिलं, तिथेही तेच होतं. मग पुढच्या गोष्टींवर विश्वास बसणं साहजिक होतं.

इंग्लंडचंही त्याने सांगितलं. तिथे वॉरिक विद्यापीठात पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे आणि कोणत्याही विषयाची पदवी चालते. हेसुद्धा खरं आहे. त्यानंतर त्याच सुरात तो म्हणाला, की नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडेही खासगी महाविद्यालयांत 'पदवीधर कोटा' आला आहे, जाहिरात करत नाहीत, जागा मोजक्या आहेत. हे धादांत खोटं आहे. भारतात एमबीबीएसला पदवीधरांसाठी वेगळा कोटा नाही, वेगळी फेरी नाही. बीएच्या गुणांना या प्रवेशात किंमत शून्य. बाविसाव्या वर्षी बीए झालेला आणि बारावी होऊन आलेला सतरा वर्षांचा मुलगा, दोघेही त्याच नीटच्या रांगेत उभे राहतात. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची इंटर्नशिप कुणालाच चुकत नाही.

पैसे तीन हप्त्यांत गेले. पहिले ऐंशी हजार मार्गदर्शनाचे आणि बारावीच्या विषयांचे. मी एनआयओएसबद्दल, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला, तिथे प्रात्यक्षिकं, असाइनमेंट, वर्ष-दोन वर्षं सहज जातात. आमच्या ओळखीचं मंडळ आहे, नोकरी सांभाळून होईल. मी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचा अभ्यास रात्री करत होते, जीवशास्त्र शिबिराला जाता-येता गाडीत. परीक्षेचं केंद्र कुठे, असं विचारलं की "कळवतो". मार्च गेला, एप्रिल गेला. ४ मे २०२५ ला मी नीट दिली, 'निकालाच्या प्रतीक्षेत' म्हणून. दुसरा हप्ता दोन लाखांचा, 'फाइल पुढे सरकवायला'. तिसरा चार लाखांचा, 'सीट ब्लॉक करायला'.

मे महिन्याच्या शेवटी कुरिअरने जाड पाकीट आलं. आत गुणपत्रिका होती. होलोग्राम चमकत होता, कागद जाड, कडेला बारीक नक्षी. जीवशास्त्रात ८२. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ३० पैकी २८. मी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं नव्हतं, ब्युरेट हातात धरली नव्हती, आणि मला २८ गुण होते. सोबत एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या लेटरहेडवर तात्पुरत्या प्रवेशाचं पत्र: 'पदवीधर प्रवर्ग, संस्थात्मक कोटा, जागा राखीव.' पत्रावर तारीख मेची. नीटचा निकाल १४ जूनला लागला. निकालच नाही, तर गुणवत्ता यादी कुठून आली आणि जागा कुणी कुणाला दिली?

हे प्रत्येकाने समजून घ्यावं म्हणून जरा सविस्तर सांगते. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयांच्या राज्य कोट्याच्या आणि खासगी महाविद्यालयांच्या जागा राज्याच्या सीईटी सेलच्या, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या, प्रक्रियेतून भरतात. संस्थात्मक कोटाही, ज्याला लोक 'मॅनेजमेंट कोटा' म्हणतात, नीटच्या गुणानुक्रमानेच. सरकारी महाविद्यालयांतला १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि सगळी अभिमत विद्यापीठं दिल्लीच्या एमसीसीकडे, म्हणजे वैद्यकीय समुपदेशन समितीकडे. निकालाआधी कुणालाही जागा देता येत नाही, सल्लागाराला तर निकालानंतरही नाही. 'मॅनेजमेंट कोटा' या शब्दाने लोकांना वाटतं, की संस्थाचालकाच्या खिशात जागा असतात. ठरलेल्या फीशिवाय प्रवेशासाठी पैसे घेणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

मी त्या महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात फोन केला. पलीकडच्या बाईंनी पत्राचा जावक क्रमांक विचारला आणि सांगितलं, आमचे क्रमांक असे नसतातच. मंडळाचं नाव शालेय मंडळांच्या परिषदेच्या, कोब्सेच्या यादीत शोधलं. नव्हतं.

पैसे परत मागायला गेले तेव्हा तो चिडला नाही. पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, गुणपत्रिकेवर नाव तुमचं आहे. पोलिसांत गेलात तर आधी तुम्ही अडकाल." ताईची मॅडम त्या दिवशी झाले. त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालतो. बोगस गुणपत्रिका हातात पडली की माणूस आपणच गुन्हेगार असल्यासारखा गप्प बसतो, नातेवाइकांनाही सांगत नाही. वकिलांनी मला फरक समजावला: बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० खाली गुन्हा आहे. मी तो कुठेही सादर केला नव्हता. तो कागद मूळ पाकिटासकट तक्रारीला जोडला. फसवणुकीचं कलम ३१८.

नीटमध्ये कमी गुण पडले तर काय, असं मी आधी एकदा विचारलं होतं, तेव्हा त्याने परदेशाचं पान उघडलं होतं: "तिकडे नीट लागतच नाही." तिकडच्या विद्यापीठाला लागत नसेल. पण परत येऊन भारतात वैद्यकी करायची तर नीट पात्र असावंच लागतं. शिवाय एनएमसीच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आणि १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत पूर्ण करावी लागते.

पात्र ठरणं आणि जागा मिळणं यांतही मोठं अंतर आहे. २०२५ मध्ये खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर होती. तो आकडा दाखवून "एवढे तर पडतीलच" म्हणणं त्याला सोपं गेलं. १४४ गुणांवर खुल्या गटातून सरकारी जागा मिळत नाही.

खरा रस्ता लांब आहे, पण आहे. मी एनआयओएसकडे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रासाठी अर्ज केला आहे. फी ऑनलाइन थेट संस्थेला जाते, मध्ये कुणी नाही. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात, प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर जाऊन करावी लागतात. राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी कुठून झाली आणि अधिवास याच्या अटी असतात, त्या सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत आधी वाचा, मगच मंडळ निवडा.

माझ्या तक्रारीचा तपास सुरू आहे. पैसे आलेले नाहीत. त्या पत्त्यावर आता दुसऱ्या नावाची पाटी आहे. ज्यांच्याकडे अशी पावती असेल, 'करिअर समुपदेशन शुल्क, परतावा नाही' असं छापलेली, त्यांनी ती फाडू नका. ऑनलाइन पैसे नुकतेच गेले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळेल तितकी खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. व्हॉट्सॲपवरचं बोलणं तारखांसकट काढून ठेवा, आलेली पाकिटं टाकू नका, आणि लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्या.