आतून ओढायचा बेअरिंग पुलर सेट, महापुरात बुडालेल्या चाकावर वापरून बघितला

ऑनलाइन मागवलेला सेट, 1,800 ला पडला. आठ कोलेट (बेअरिंगच्या भोकात घालून फुगवायचे, आतून पकड घेणारे तुकडे), एक स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन, ते आपल्याकडं खेचून ठोका द्यायचा) आणि पातळ प्लास्टिकची पेटी. महिना झाला वापरून, म्हणून लिहितोय.

गाडी पप्पांची, दीडशे सीसी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीत कृष्णेच्या पाण्यात सीटपर्यंत बुडून होती. पाणी ओसरल्यावर ऑइल बदललं, कार्बोरेटर धुतला, वायरिंग केलं, गाडी चालू झाली आणि घरात सगळे खूश, चाकाच्या बेअरिंगकडं कुणी बघितलंच नाही. आता मागचं चाक हातानं हलवलं की टकटक वाजायचं आणि माधवनगर रोडला जरा स्पीड घेतला की मागनं घरघर.

आधी एका गॅरेजला दिली, नाव घेत नाही. त्यानं सरळ छिन्नी लावून ठोकायला सुरुवात केली आणि चौथ्या घावाला हबच्या (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) कडेचा टवका उडाला. माझ्या पोटात गोळाच आला, चाक उचललं आणि घरी आणलं. बेअरिंग काही शे रुपयात मिळतं हो, पण हब गेला की आख्खं चाक गेलं, एवढा तरी विचार करायचा ना ठोकताना.

अडचण काय होती ते सांगतो म्हणजे हा सेट कुणाला लागतो ते कळेल. दोन बेअरिंगच्या मधी एक लोखंडी नळी असते, स्पेसर. ती बोटानं जरा बाजूला सरकली की पलीकडनं लांब पंच (ठोकायचा लोखंडी दांडा) घालून बेअरिंगच्या आतल्या रिंगवर मारता येतं, बऱ्याच गाड्यांचं काम तेवढ्यावरच होतं आणि मग पुलर घ्यायची गरजच नाही. आमच्यात ती नळी गंजून गच्च धरलेली, हलायलाच तयार नाही. नळीचं भोक बेअरिंगच्या भोकापेक्षा केसभर मोठं होतं, त्या कडेवर पंच टिकत नव्हता, घसरत होता. पण कोलेटचा ओठ मात्र तिथं बरोबर बसतो.

बेअरिंगवर 6302 लिहिलेलं. मागचे 02 म्हणजे आतलं भोक 15 मिमी, तसा कोलेट निवडायचा. आत घालून मधला बोल्ट आवळला की तो फुगून रिंगच्या मागं अडकतो, मग हॅमरचं वजन आपल्याकडं खेचून मारायचं. पहिल्या दिवशी तीसेक ठोके मारले, तसूभर हललं नाही, आणि दोनदा कोलेट सुटून हातात आला. सेट बोगस आहे असं लिहायच्या बेतात होतो.

दुसऱ्या दिवशी ऑइल सील काढलं, ब्रेक प्लेट आणि रबर बाजूला केले, गंज सुटावा म्हणून रात्रभर मुरवत ठेवलेलं डिझेल नीट पुसून घेतलं (ते तसंच ठेवून तापवू नका, पेट घेईल) आणि हीट गननं बेअरिंगच्या भोवतीचा हब तापवला. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून हबच तापवायचा, मधलं बेअरिंग नाही. पाण्याचा थेंब टाकला की चर्र व्हायला लागला तेव्हा हॅमर धरला. सातव्या की आठव्या ठोक्याला आवाज बदलला, टणटण होतं ते धप्प झालं, आणि बेअरिंग बाहेर. गोळ्यांच्या मधी ग्रीस नव्हतंच, सुकलेला काळा गाळ होता, नखानं टोकरला तर भुकटी झाली. पप्पा जवळच उभे होते, ते बघून म्हणले, "अरे, नदीच भरलीय की ह्यात!"

दुसऱ्या बाजूला मात्र घात झाला. गंजानं पोकळ झालेलं, त्यामुळं आतली रिंग आणि गोळ्या आल्या, बाहेरची रिंग हबमधीच राहिली. तिथं हा सेट काही करू शकत नाही, कारण तो आतल्या रिंगला धरतो. चाक घेऊन कुपवाड एमआयडीसीतल्या एका वेल्डिंगवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी रिंगच्या आतून वेल्डिंगची एक रेघ फिरवली आणि म्हणले, "आता चहा घ्या." वेल्डिंग गार होताना आकसतं आणि रिंगला आत ओढतं. चहा संपवून चाक उलटं केलं, रिंग टणकन फरशीवर पडली. ठोकाठोक नाही, काही नाही.

नवीन बसवताना पुलरचा संबंध नाही, पण तिथंच चुका होतात. दोन्ही बाजूला रबर सीलवालं घ्या. बाहेरच्या रिंगवरच ठोका, आतल्या रिंगवर मारलं की नवीनसुद्धा खराब. पहिलं तळाला टेकवा, स्पेसर घाला, दुसरं स्पेसरला टेकलं की हात थांबवा. आणि पुलरनं काढलेलं जुनं परत वापरू नका, सगळा ओढ गोळ्यांवरनं गेलेला असतो.

सेटच्या तक्रारी: हॅमर हलका आहे, अर्धा किलो जास्त असता तर बरं झालं असतं. वापरायची माहिती देणारा कागद नाही. सगळ्यात लहान कोलेट दुसऱ्या गाडीवर जास्त आवळला तर त्याचा एक दात मोडला. आणि ग्लोव्ह्ज घालाच, माझ्या अंगठ्याचं नख अजून निळं आहे.

पाचपैकी चार. विश्रामबागच्या बाजूला ओळखीत कुणाला लागला तर घेऊन जा, फक्त 15 चा कोलेट मोडू नका, पुढचं चाक अजून खोलायचंय.