टीव्ही बोलतो, बॉक्स गप्प : ४३ इंची गूगल टीव्ही, आठ महिन्यांनंतर

पावसाने सिग्नल गेला, रिचार्ज संपला, की चुकून एचडीएमआय बदलला? डोळस माणसाला उत्तर पडद्यावर लिहिलेलं मिळतं. अंध माणसाला तिन्ही वेळा फक्त शांतता मिळते. बोलणारा टीव्ही आठ महिने वापरल्यावर सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, आणि ती टीव्हीबद्दल नाही, त्याच्या मागे जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सबद्दल आहे.

कुठल्याही टीव्हीचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, टीव्हीचा स्वतःचा मेनू वाचतो. बॉक्समधून येतं ते त्याच्या लेखी नुसतं चित्र. चॅनेलची यादी, कार्यक्रमाचं नाव, ‘पॅक सुरू नाही’ ही सूचना, सगळं चित्रच. दुकानात ‘हा व्हॉइसवाला आहे’ असं सांगतात तेव्हा बहुतेकदा त्यांना माइकचं बटण दाबून बोलायची सोय म्हणायची असते. आपण टीव्हीशी बोलणं वेगळं आणि टीव्हीने आपल्याशी बोलणं वेगळं. विकणाऱ्याला हा फरक माहीत नसतो, म्हणून आपल्याला पक्का माहीत हवा.

शांतता पसरली की हा क्रम उपयोगी पडतो. आधी टीव्हीच्या रिमोटवरचं होम दाबा. आवाज बोलला तर टीव्ही आणि स्पीकर ठीक आहेत. मग मोबाइलवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून डीटीएच कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक ऐका. पैसे असतील आणि बाहेर पाऊस कोसळत असेल तर थांबा. डीटीएचचा कू-बँड सिग्नल जोरदार पावसात कमकुवत होतो. मुंबईच्या जुलैत हे नेहमीचंच. यातलं काहीच नसेल तर बहुतेकदा इनपुट, म्हणजे टीव्हीचा एचडीएमआय, बदललेला असतो.

पहिले तीन महिने आमचं मत होतं की टीव्ही नीट निवडावा, बॉक्स कुठलाही चालेल. ते साफ बदललं. आधी बॉक्स ठरवा. अँड्रॉइड टीव्ही प्रणालीवर चालणारा बॉक्स घेतला तर बॉक्समध्येही टॉकबॅक मिळू शकतो. ‘मिळू शकतो’ म्हणायचं कारण असं की होम स्क्रीन बोलते, पण थेट चॅनेलची यादी कंपनीने स्वतः बनवलेली असते. बटणांना नावं दिलेली नसतील तर तिथे टॉकबॅक गप्प बसतो किंवा नुसतं ‘बटण’ म्हणतो. घेण्याआधी नेमकी तीच यादी उघडून दाखवायला सांगा. साधा बॉक्सच ठेवायचा असेल तर त्याच्या रिमोटवर आकडे आणि ५ वर उंचवटा हवाच. चॅनेलचे नंबर पाठ होतात, पण कंपनी ते मधूनच बदलते, तेव्हा पंधरा-वीस नेहमीचे नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

आवाज स्वतःचा स्वतः सुरू करता येणं ही टीव्हीची खरी परीक्षा. गूगल टीव्हीवर बॅक आणि खालचा बाण एकत्र काही सेकंद दाबून धरायचे. एलजीवर म्यूट दाबून धरलं, सॅमसंगच्या छोट्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबून धरलं, की सुलभतेचा मेनू येतो. फायर टीव्हीवर बॅक आणि मेनू एकत्र. दादरच्या शोरूममध्ये किंवा लॅमिंग्टन रोडवर डोळे मिटून हे करून बघा. संच दुकानाच्या डेमोवर असेल तर घरगुती मोडवर आणायला लावा. मग इनपुटची यादी उघडा. कित्येकदा होम बोलतं आणि ही यादी बोलत नाही.

आवाजाच्या भाषेबद्दलही मत बदललं. मराठी आवाज मिळाला तर आनंद होतो, पण मेनू इंग्रजीत असेल तर ‘सेटिंग्ज’, ‘डिव्हाइस’ ऐकताना कान शिणतात. मेनूची आणि आवाजाची भाषा एकच ठेवा. इंग्रजी मेनूला भारतीय इंग्रजी आवाज, वेग थोडा कमी.

साउंडबार जोडला आणि टीव्ही बोलेनासा झाला, तर डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पासथ्रू’वर (आवाज जसाच्या तसा साउंडबारला पाठवणं) गेलंय का बघा. ते ‘पीसीएम’वर आणलं की कार्यक्रमाचा आवाज आणि टॉकबॅक बऱ्याचदा पुन्हा एकत्र येतात. ब्लूटूथ स्पीकरवर बोलणं मागे पडतं, बाण दोनदा दाबला जातो. टाळाच.

रिमोटला सिलिकॉनचं कव्हर घालू नका, सगळी बटणं सारखी लागतात. बटणावर खूण म्हणून चिकटवलेली टिकली दमट हवेत महिन्याभरात सुटते. एम-सीलचा मोहरीएवढा ठिपका होम आणि इनपुटच्या बटणावर लावलाय, तो अजून टिकून आहे.

अल्पदृष्टी असेल तर पडद्याच्या इंचांआधी नजर बघा. मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) खराब होऊन मधलं दिसत नसेल तर मोठा पडदा आणि जवळची खुर्ची. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या आजारात नजर बोगद्यासारखी होते. मोठ्या पडद्याचा तुकडाच दिसतो, तिथे ३२ इंच बरा. दोन-तीन फुटांवर बसणाऱ्याने आयपीएस प्रकारचं पॅनेल (पडदा) घ्यावं. व्हीए पॅनेलचा काळा जास्त गडद असतो, पण इतक्या जवळून कडा तिरक्या कोनात येतात आणि फिक्या पडतात.

सहाव्या महिन्यात एक अपडेट आलं आणि इनपुटची यादी वाचणं बंद झालं. कॉल सेंटरच्या यादीत चित्र, आवाज, रिमोट एवढ्याच तक्रारी. ‘आवाज येत नाही’ अशी नोंद झाली, तंत्रज्ञाने गाणं लावून दाखवलं आणि तक्रार बंद करायला ओटीपी मागितला. काम झाल्याशिवाय ओटीपी देऊ नका, नाहीतर तक्रार पुन्हा पहिल्यापासून नोंदवावी लागते. तक्रार ईमेलवर लिहून द्या आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ चा उल्लेख करा. रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत, याची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. तोवर उपाय म्हणजे टीव्ही आणि बॉक्स दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयने जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवतात ती सेटिंग) चालू करणं. मग बॉक्स सुरू केला की टीव्ही आपोआप त्या इनपुटवर येतो आणि ती न बोलणारी यादी उघडावीच लागत नाही.

नेटफ्लिक्स आणि प्राइमवर ऑडिओ डिस्क्रिप्शन (पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज) आहे, पण ते टॉकबॅकने आपोआप येत नाही. ऑडिओ आणि सबटायटलच्या यादीत जाऊन तो ट्रॅक निवडा.