मेन्टीथ, लॉख ऑ की अर्डनेशिग? स्कॉटलंडात तळ्याकाठी जुन्या हॉटेलात राहायचं असेल तर

आपल्याकडचे लोक स्कॉटलंडला गेले की एडिनबर्ग, लॉख नेस (लॉख म्हणजे तळं), स्काय बेट असं धावत सुटतात आणि मध्ये कुठेतरी एक रात्र "जुनं हॉटेल, समोर तळं" अशी घुसवतात. एकच रात्र असेल तर खरं सांगू का, पैसे वाया, संध्याकाळी सहाला पोचणार आणि सकाळी नऊला बॅगा गाडीत. दोन रात्री काढा, मग पुढचं वाचा.

आधी एकच ठरवा, गाडी चालवणार आहात की नाही.

नसाल चालवणार तर लॉख ऑ हॉटेल, विषय संपला. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून ओबानची ट्रेन पकडायची, साधारण अडीच तासात लॉख ऑ स्टेशन, आणि हॉटेल स्टेशनच्या अगदी डोक्यावर, टॅक्सी वगैरे काही नको. १८८० मध्ये ही रेल्वे ओबानपर्यंत पोचली, त्याच काळातलं हे बांधकाम, बुरुजबिरुज असलेलं दगडी. तळ्याच्या टोकाला किलखर्न किल्ल्याचे अवशेष, पंधराव्या शतकातला, कॅम्पबेल घराण्याचा. पण इथे गर्दी मुख्यतः कोच टूरच्या ग्रुप्सची असते, त्यामुळे जेवणाच्या वेळा ठरलेल्या, वातावरण थोडं लग्नाच्या हॉलसारखं, आणि ग्रुपशिवाय नुसती रूम मिळते का ते आधी विचारावं लागतं. आईबाबांना घेऊन जाणार असाल तर गर्दी त्यांना आवडेलही, तिथले आजोबा-आजी गप्पा मारायला एकदम तयार असतात. जवळच क्रूआखन डोंगराच्या पोटात १९६५ चं वीजकेंद्र आहे, आपल्या घाटघरला आहे तसंच पाणी वर चढवून परत खाली सोडणारं. टूर चालू आहेत का ते मात्र निघायच्या आधी बघा.

गाडी असेल तर माझं मत सरळ लेक ऑफ मेन्टीथ हॉटेल. स्टर्लिंगच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटर, ग्लासगोहून तासाभराचा रस्ता आणि रस्ता बरा, उगाच हात थरथरत नाहीत. हॉटेल छोटं, पांढरं, शेजारी चर्च, आणि जेवणाच्या खोलीतून थेट पाणी. इथलं खरं वैभव मात्र समोरच्या बेटावर आहे. इंचमाहोम प्रायरी, १२३८ मध्ये स्थापन झालेला मठ. १५४७ मध्ये पिंकीच्या लढाईत स्कॉट लोक इंग्रजांकडून हरले तेव्हा स्कॉटलंडच्या चार वर्षांच्या मेरी राणीला काही आठवडे इथे आणून लपवलं होतं, पुढच्या वर्षी तिला फ्रान्सला पाठवून दिली. बेटावर जायची जुनी पद्धत भारी आहे: धक्क्यावर एक फिरता बोर्ड, त्याची पांढरी बाजू बेटाकडे वळवायची, की तिकडून नावाडी बोट काढतो. पोरांना तेवढं करायला दिलं तरी ती खूश. बोट साधारण एप्रिल ते ऑक्टोबरच, आणि परतीची शेवटची बोट लवकर असते, जेवून आरामात जाऊ म्हणालात तर राहिलं. हिवाळ्यात बोट नाही पण पाणी गोठलं की तळ्याचं रूपच वेगळं. बर्फ पुरेसा जाड झाला की इथे कर्लिंगची, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवायच्या खेळाची, मोठी मॅच भरायची, शेवटची झाली १९७९ मध्ये, २०१० ला पुन्हा भरवायचं घाटत होतं पण सुरक्षेपायी रद्द केली.

तिसरं हॉटेल अर्डनेशिग, हे लॉख ऑच्याच काठावर, पण दुसऱ्या बाजूला आणि दुसऱ्या बजेटमध्ये. १८३४ चा वाडा, आर्किटेक्ट विल्यम बर्न, आत जुनं फर्निचर, शेकोट्या, बाहेर मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉनचा नुसता दंगा. पण किलख्रेनन गावापुढे एकेरी रस्ता, समोरून गाडी आली की पासिंग प्लेसमध्ये थांबायचं, आणि रस्ता पुढे कुठेच जात नाही. म्हणजे जेवण तिथेच, संध्याकाळ तिथेच. लग्नाचा वाढदिवस वगैरे असेल तर जा, पोरंबाळं घेऊन नको.

आता जेवण. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा, मासे नको, जिलेटिन नको, अंडं चालतं की नाही. नुसतं व्हेज लिहिलं की कधीकधी मासा येतो ताटात. हॅगिस हा तिकडचा मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचा पदार्थ, पण त्याचं व्हेज रूप मिळालं तर सोडू नका, ओट्स आणि डाळींचं असतं, मिरी मस्त लागते. लोणच्याची बाटली न्याच.

मिजेस म्हणजे ते बारीक चावरे किडे, मेअखेर ते सप्टेंबर, वारा पडला की संध्याकाळी पाण्याकाठी उभं राहवत नाही. लॉख ऑला मेन्टीथपेक्षा जास्त त्रास, पश्चिमेकडे पाऊसही जास्त. स्मिज नावाचा स्प्रे तिकडेच घ्या. जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड, तेव्हा पडदे जाड आहेत का बघा, नाहीतर पोरं झोपणार नाहीत.

आणि तिन्ही ठिकाणी "लेक व्ह्यू" आपोआप मिळेल असं धरू नका. जुन्या इमारती, मागच्या बाजूच्या खोल्यांतून गाड्या दिसतात किंवा झाडं. मेल करून विचारायचं, खिडकीतून पाणी दिसतं का, खोली कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का. बाबांचे गुडघे दुखत असतील तर हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.