जळू पकडायची काचेची नळी: उपयोगी आहे, पण सगळ्या जळवांसाठी नाही

माशांच्या टाकीच्या काचेवर जळू दिसली की माणूस घाबरतो आणि ही नळी मागवतो. मीही तशीच मागवली. बरीच वापरून झाल्यावर सांगते: वस्तू चांगली आहे, मात्र खोक्यावर ‘सर्व प्रकारच्या जळवांसाठी’ असं छापलंय ते खरं नाही. जळू काय खाते यावर सगळं अवलंबून आहे.

बोटाएवढी जाड काचेची नळी, बाजूला आत निमुळती होत जाणारी भोकं, टोकाला सिलिकॉनचं बूच. आत ब्लडवर्मचा (माशांना खाऊ घालतात त्या लाल अळीचा) छोटा तुकडा ठेवायचा, दिवे बंद झाले की नळी वाळूवर आडवी टाकायची आणि सकाळी काढायची. वास लागून जळू आत शिरते, पण परतीचं भोक तिला सहसा सापडत नाही.

माझ्याकडे सर्वाधिक सापडल्या त्या हेलोबडेला नावाच्या जळवा. जेमतेम सेंटिमीटरभर, चपट्या, करड्या. माशांशी यांचं काही वैर नाही. किड्यांच्या अळ्या, गांडुळांच्या जातीचे बारीक किडे आणि गोगलगायी यांच्या अंगातला रस त्या सोंडेने ओढून घेतात. नळीची काच स्वच्छ असल्याने भिंगातून हे नीट बघता येतं, आणि मला नळीचा हा गुण फार आवडला. जळू मागच्या चूषकाने, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाटीसारख्या अवयवाने, काचेला घट्ट धरते, पुढचं टोक चाचपत नेते आणि ब्लडवर्मवर टेकवून स्थिर होते. हळूहळू अळीचा लाल रंग उतरतो, नुसती कातडी उरते, आणि तोच लाल रंग जळूच्या पोटातल्या फांद्या फुटलेल्या पिशव्यांत भरताना दिसतो. एकीच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती. आई शिकार धरते आणि पिल्लंही त्याच शिकारीवर जेवतात. ते बघितल्यावर त्यांना मारावंसं वाटेना. त्या आता वेगळ्या बरणीत आहेत.

गोगलगायींवर जगणाऱ्या ग्लॉसिफोनियासाठी ब्लडवर्मचं आमिष फारसं चाललं नाही. ठेचलेली छोटी गोगलगाय ठेवली तेव्हा त्या आल्या. रॅम्सहॉर्न गोगलगायी जपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एर्पोबडेला सोंडेने रस ओढत नाही, अळ्या नि किडे सबंध गिळते. तिची लहान पिल्लं नळीत येतात, पण वाढलेली जळू लांब आणि दणकट असते, तिला या भोकांतून शिरणं जड जातं.

आता खरी माशांची जळू, पिसिकोला. ही नळीत कधीच आली नाही, आणि ते साहजिक आहे. तिला जिवंत माशाचं रक्त लागतं, मेलेल्या अळीत तिला रस नाही. बारीक दोऱ्यासारखी असते, दोन्ही टोकांचे गोल चूषक स्पष्ट दिसतात. मागच्या चूषकाने पानाला धरून ती अंग पाण्यात ताणून बसते, आणि सावली पडली किंवा पाणी हललं की डोलू लागते. मासा टप्प्यात आला की कल्ल्यांजवळ किंवा परांवर चिकटते, रक्ताने भरली की सुटून पडते. शिवाय तिच्यामुळे माशांच्या रक्तात परजीवी जंतू जाऊ शकतात. माशाच्या अंगावर अशी जळू दिसत असेल तर नळीच्या भरवशावर दिवस घालवू नका. मासा वेगळा काढून त्यावर उपचार करा.

नळीच्या उणिवाही सांगते. पाण्यात राहून बूच सैल होतं. माशांची बारीक पिल्लं आत शिरून अडकतात, तेव्हा पिल्लं असलेल्या टाकीत ती अजिबात ठेवू नये. आमिष दिवसभर राहिलं तर पाणी नासतं. भोकांच्या आतल्या कडा धुवायला बारीक ब्रश लागतो, तो सोबत मिळत नाही.

माझे पाचपैकी साडेतीन तारे. आणि जळवांचे कोष, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, पानांना चिकटून टाकीत येतात, म्हणून नवी झाडं आधी वेगळ्या भांड्यात ठेवून बघा. ते केलं तर नळी काढायची वेळ क्वचितच येते.