गुहेतला ड्रॅगन की खुर्चीतला?

टेबलाभोवती बसून पात्रं रंगवत खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या 2014च्या पाचव्या आवृत्तीतला प्रौढ लाल ड्रॅगन एकदा आगीची फुंकर मारतो आणि खेळ चालवणारा सहा बाजूंचे 18 फासे ओंजळीत गोळा करायला लागतो. सरासरी 63चं नुकसान, वाचलात तरी निम्मं. टेबलावर एकदम चिडीचूप. मजा येते, नाही कशाला म्हणू? पण तो मेला, सोनं वाटलं, की विषय संपला.

1989 साली आलेल्या ‘शॅडोरन’ या तशाच दुसऱ्या खेळामध्ये ड्रॅगन डोंगरात नाही, कारभारात बसतो. लोफवीर नावाचा ड्रॅगन ‘सेडर-क्रुप’ ही अवाढव्य कंपनी चालवतो. तुम्हाला काम देणारा दलाल त्याचाच माणूस निघाला, तर कपाळाला हात लावायचा. डंकेल्झान हा दुसरा ड्रॅगन तर खेळातल्या 2057मध्ये निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष होतो आणि शपथविधीच्या रात्रीच मारला जातो. मागे उरतं लांबलचक मृत्युपत्र, त्यातली एकेक ओळ म्हणजे नवं कथानक.

नवख्यांच्या टेबलावर मी लाल ड्रॅगनच आणेन. फासे टाकायला हात शिवशिवत असतात. वर्षभर चालणाऱ्या खेळाला मात्र लोफवीरच हवा. त्याच्याशी लढायचं कसं, हा प्रश्नच चुकीचा. त्याचे पैसे घ्यायचे की नाही, यावरच आमची निम्मी रात्र जाते.