प्रथमोपचाराचा कोर्स: दोन तासांचा, एका दिवसाचा की दोन दिवसांचा?

गोव्यात प्रथमोपचाराचे छोटे वर्ग हल्ली पंचायतीच्या सभागृहात, औद्योगिक वसाहतीत, हॉटेलांत, डायव्हिंग स्कूलमध्ये, सगळीकडे होतात. जाहिरात सगळ्यांची सारखीच आणि शेवटी हातात पडणारा कागदही तसाच गुळगुळीत. आतला माल मात्र वेगळा. दोन तासांचा वर्ग हा दोन दिवसांच्या कोर्सचा सारांश नव्हे. त्यात काही गोष्टी मुळातच शिकवत नाहीत, आणि नेमक्या कोणत्या ते आधी कळलेले बरे.

पैसे भरण्यापूर्वी दोन गोष्टींचा विचार करा. आपल्यासमोर कोणता प्रसंग येण्याची शक्यता जास्त? आणि १०८ पोचेपर्यंत किती वेळ आपल्यालाच निभवावे लागेल? पणजीत वयस्क आईवडिलांसोबत राहणारा मुलगा, कळंगुटला होमस्टे चालवणारी बाई आणि नेत्रावळीत पर्यटकांना धबधब्यावर नेणारा गाइड, या तिघांना एकच कोर्स पुरायचा नाही.

दोन तासांचा वर्ग: छाती दाबणे, तेवढेच

इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनची 'कॉल्स' ही पद्धत सामान्य माणसासाठीच बेतलेली आहे. माणूस हाकेला प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही हे ओळखून मदत बोलावायची, छाती दाबत राहायची, लवकरात लवकर हॉस्पिटलात पोचवायचे. तोंडाने श्वास देणे यात नाही. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला साधारण १२० वेळा, कोपर ताठ ठेवून दाबायची आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. हे शिकायला दोन तास पुरतात.

अचानक हृदय बंद पडलेल्या माणसासाठी हे चालते, कारण त्याच्या रक्तात पहिली काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत ढकलत राहायचे असते. घरात हृदयविकाराचा रुग्ण असेल आणि वेळ एका सकाळीपुरताच असेल, तर हा वर्ग जरूर करा. तिथे एक गोष्ट मात्र हटकून विचारून घ्या: आचके. हृदय थांबल्यावरही काही जण तोंड उघडून थांबून थांबून आचके देतात. बघणाऱ्याला वाटते श्वास चालू आहे, आणि तो वाट बघत बसतो. हात चुकीच्या जागी पडण्यापेक्षा ही चूक महागात पडते.

गोव्यात या वर्गाची अडचण एकच, पण मोठी: पाणी. किनारे तर आहेतच; पावसाळ्यात भरलेल्या चिरेखाणी, नदीतले बंधारे आणि धबधब्याखालचे डोह यांच्याजवळ तर जीवरक्षकही नसतो. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. त्याची नुसती छाती दाबणे म्हणजे रिकामी टाकी पंपाने फिरवणे. त्याला आधी श्वास द्यावे लागतात, मग ३० दाबांमागे २ श्वास हे चक्र. पाण्याजवळ राहणाऱ्याने, मुलांना पोहायला नेणाऱ्याने किंवा होमस्टेत पूल असलेल्याने फक्त छातीदाबाच्या वर्गावर समाधान मानू नये.

एका दिवसाचा कोर्स, आणि नावामुळे होणारा घोळ

अमेरिकन हार्ट असोसिएशनचे दोन कोर्स इथे जास्त ऐकू येतात: हार्टसेव्हर आणि बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट). बीएलएस नाव भारदस्त, म्हणून हॉटेलांचे मॅनेजर कर्मचाऱ्यांना सरसकट तिकडे पाठवतात. तो कोर्स नर्स, डॉक्टर, रुग्णवाहिकेतले कर्मचारी यांच्यासाठी आहे. त्यात दोघांनी मिळून सीपीआर (छाती दाबणे आणि श्वास देणे), पिशवी-मास्कने श्वास देणे, तान्ह्या बाळाचा सीपीआर हे सारे चांगले शिकवतात. पण रक्तस्राव, भाजणे, हाड मोडणे, सर्पदंश त्यात नाही. स्वयंपाकघरात उकळते तेल अंगावर उडाले तर बीएलएसचे कार्ड काही सांगणार नाही. रिसेप्शन, किचन आणि पूलवरच्या माणसांसाठी हार्टसेव्हरचा प्रथमोपचार, सीपीआर आणि एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) असा एकत्र कोर्स जास्त उपयोगी. तो जवळजवळ पूर्ण दिवस खातो. दोन्हींच्या कार्डाची मुदत दोन वर्षे.

शिकवणारा अद्ययावत आहे का हे ओळखायला घशात अडकलेल्या घासाबद्दल विचारा. याच संस्थेच्या २०२५ च्या सूचनांनुसार शुद्धीत असलेल्या मोठ्या माणसाला आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ झटके, असे आलटून पालटून करतात. पूर्वी ती थेट पोटाचे झटके शिकवत असे. वर्षाखालच्या बाळाला पोटाचे झटके कधीच नाहीत: पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ दाब. बाळाच्या सीपीआरमध्ये दोन बोटांनी दाबण्याची जुनी पद्धतही याच सूचनांत बाद झाली. आता एका तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने किंवा दोन्ही अंगठ्यांनी. घरात बाळ येणार असेल तर बाळाची वेगळी डमी असलेलाच वर्ग शोधा. मोठ्या डमीवर बाळाचे तंत्र येत नाही.

रेडक्रॉस आणि सेंट जॉन: बँडेजवाले

रेडक्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्थांचे हे जुने, सरळ कोर्स. त्रिकोणी बँडेज, झोळी, फळी बांधणे, रक्तस्राव, भाजणे, विषबाधा, रुग्ण उचलणे. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. वेर्णा, कुंडई, पिसुर्ले अशा वसाहतींतल्या कारखान्यात प्रथमोपचार पेटीची जबाबदारी सांभाळणाऱ्याला राज्य सरकारने मान्य केलेले प्रमाणपत्र लागते. तेव्हा आधी आपल्या सेफ्टी ऑफिसरला विचारा कोणते चालेल, मगच नाव नोंदवा. परदेशी कार्ड आपोआप चालेल असे समजू नका.

यांची कमजोर बाजू वर्गावर अवलंबून असते. चाळीस जण आणि दोन डमी असा वर्ग असेल तर दिवस व्याख्यानात जातो आणि सीपीआर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर येतो. उलट, स्कूटरचा अपघात हा गोव्यातला रोजचा प्रसंग धरला तर बँडेज आणि रक्तस्राव नीट शिकवणारा वर्ग सीपीआरच्या चकचकीत वर्गापेक्षा जास्त वेळा कामी येईल. हेल्मेट काढण्याचा सराव आहे का, हे जरूर विचारा. श्वास अडत असेल तरच काढायचे, आणि ते दोघांचे काम: एकाने मान आणि जबडा खालून धरून स्थिर ठेवायचा, दुसऱ्याने हेल्मेट बाजूंनी फाकवून हळू ओढायचे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचे कलम १३४अ संरक्षण देते. पोलीस स्टेशनच्या भीतीने बाजूला उभे राहण्याचे कारण नाही.

डायव्हिंग स्कूलचा कोर्स

इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्स हा कोर्स बहुतेक जण पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या रेस्क्यू डायव्हर कोर्ससाठी करतात, कारण तिथे २४ महिन्यांच्या आतले सीपीआर आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण लागते. कोर्स वाईट नाही. श्वास देणे, शॉक (विजेचा नव्हे, रक्ताभिसरण ढासळणे), मणक्याची दुखापत सगळे आहे. पण डायव्हिंग करायचे नसेल तर मुद्दाम तिथे जायचे कारण नाही. पाण्यातून माणूस बाहेर काढणे हा वेगळाच विषय आहे आणि तो वर्गातल्या फरशीवर शिकता येत नाही. निदान एवढे मनात पक्के असू द्या: आधी काठी पोचवा, मग दोरी किंवा रिकामा कॅन फेका, स्वतः उडी शेवटी. आणि वर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मौल्यवान मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाते.

दोन दिवसांचा रानावनातला कोर्स

वाइल्डरनेस फर्स्ट एड १६ ते २० तासांचा असतो आणि तो धरून चालतो की मदत तास-दोन तास येणार नाही. कुळे, सुर्ला, नेत्रावळी इथले गाइड, ट्रेकचे म्होरके आणि कुळागरात माडा-पोफळीवर चढणाऱ्या कामगारांचे मालक यांना हाच योग्य. यात माणसाला पुन्हा पुन्हा तपासणे, नाडी-श्वासाची वेळेसह नोंद ठेवणे, हाताशी असेल त्यातून फळी बनवणे आणि खाली कसा व केव्हा न्यायचा हे ठरवणे शिकवतात. शहरात राहणाऱ्याला यातले निम्मे वाया जाते.

सर्पदंश हा इथला कसोटीचा प्रश्न. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चौघे गोव्यात आहेतच. प्रशिक्षक जर 'वर घट्ट दोरी बांधा' किंवा 'चिरा देऊन रक्त काढा' म्हणाला तर उठून या. अंगठी-बांगड्या काढायच्या, चावलेला अवयव फळी बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवायचे नाही आणि सर्पविषावरची लस असलेल्या हॉस्पिटलात न्यायचे; साप मारून सोबत न्यायची गरज नाही. त्याउलट हात-पाय यंत्रात सापडून धमनी फुटली असेल आणि थेट दाबाने रक्त थांबत नसेल, तर घट्ट पट्टा हवाच: जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून. सापाला बांधू नका आणि धमनीला बांधा, हा फरक ज्या वर्गात नीट समजावतात तो वर्ग चांगला.

नाव नोंदवण्याआधी फोनवर विचारायचे

एका डमीमागे किती जण? तीन-चारच्या वर गेले तर दुसरा वर्ग बघा. डमी खोली आणि वेग दाखवते का? दिवा लागत नसेल किंवा टिकटिक होत नसेल तर सगळ्यांना आपण बरोबर दाबतोय असेच वाटते. प्रत्यक्षात बहुतेक जण वरवर दाबतात किंवा छातीवर रेलून राहतात. प्रत्येकाला सलग दोन मिनिटे दाबायला देतात का? तिथेच दम लागतो आणि माणूस का बदलायचा ते कळते. सराव जमिनीवर की टेबलावर? घरी रुग्ण गादीवर असतो, गादी दाब खाते, म्हणून त्याला खाली उतरवणेही शिकायला हवे. शिकवणार मराठी-कोंकणीत का? कुळागरातल्या किंवा किचनमधल्या माणसाला इंग्रजी स्लाइड्स दाखवून काही होत नाही. सगळा कोर्स ऑनलाइन असेल तर तो वाचन म्हणून ठीक, सराव म्हणून नाही; ऑनलाइन धडे आणि नंतर डमीवर परीक्षा हा मिश्र प्रकार मात्र चालतो.

हातातले कसब तीन-सहा महिन्यांत सैल पडू लागते, कार्डावर दोन वर्षे लिहिली असली तरी. म्हणून निवड एका महागड्या दिवसात आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या साध्या अर्ध्या दिवसात असेल, आणि प्रमाणपत्र कुणाला दाखवायचे नसेल, तर आम्ही दोन अर्धे दिवस घ्यायला सांगू.

वर्गाला जाताना साडीपेक्षा सलवार किंवा पँट बरी, कारण गुडघ्यावर बसायचे असते. गुडघे दुखत असतील तर आधी सांगून ठेवा, उशी मिळते. नखे कापून जा.