चार डिस्कचं यूएसबी एन्क्लोजर: जत्रांचा हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर घरच्या पीसीला जोडायला चार हार्ड डिस्कचं एन्क्लोजर, म्हणजे डिस्क बसवायचा डबा, घेतलं. आता पाऊस ओसरत आलाय. म्हणजे जत्रांचा अख्खा हंगाम, मे महिन्याचा उकाडा आणि कोकणातला पावसाळा हे सगळं त्याने काढलं आहे. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: ज्याच्याकडे पुन्हा मिळणार नाही असा डेटा आहे, त्याने रेड (अनेक डिस्क जोडून एकच डिस्क असल्यासारख्या चालवणं) न करणारा साधा डबा घ्यावा आणि वाचलेले पैसे दुसऱ्या प्रतीच्या डिस्कवर घालावेत. चिप कोणती, वेग किती, हे प्रश्न त्यानंतरचे.

माझा डेटा म्हणजे दशावतारी नाटकांचं चित्रीकरण. मी कुडाळचा. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पावसाच्या तोंडापर्यंत जमेल तिथे कॅमेरा घेऊन जातो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, रंगपटात भूमिका वाटल्या जातात आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. तीच मंडळी तेच आख्यान दुसऱ्या गावात करतात तेव्हा बोलणं वेगळं असतं, पेटीवाला सूरही वेगळा पकडतो. त्यामुळे एखाद्या रात्रीची फाइल गेली तर तो प्रयोग जगातून गेला. लग्नाची किंवा सहलीची व्हिडिओ फाइलही अशीच असते म्हणा, पण तिथे चार पाहुण्यांच्या फोनमध्ये काहीतरी सापडतं. इथे बऱ्याचदा कॅमेरा माझा एकट्याचाच असतो.

आता हिशेब बघा. कॅमेरा फोर-केमध्ये १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) लिहितो, म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी आणि तासाला ४५ जीबी. पाच तासांचं नाटक सव्वादोनशे जीबी. बाजूने दुसरा कॅमेरा लावला की दुप्पट. हंगामात अशी वीस नाटकं धरली तरी ९ टीबी होतात. सुट्या यूएसबी डिस्क घेत गेलं की प्रत्येकीचा वेगळा ॲडॅप्टर, वेगळी वायर, आणि कुठलं आख्यान कुठल्या डिस्कवर हे शोधण्यात संध्याकाळ जाते. म्हणून चार खणांचा डबा.

घेण्याआधी तीन वाटा पाहिल्या होत्या. पहिली नॅस, म्हणजे स्वतःचा प्रोसेसर असलेला, नेटवर्कवर बसणारा डबा. घरातल्या चार जणांना चार खोल्यांतून फाइली हव्या असतील तर तो उत्तम. पण साध्या गिगाबिट लॅनवर सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर जाता येत नाही, आणि एकटी हार्ड डिस्कच त्यापेक्षा वेगाने वाचते. मी एकाच पीसीवर एडिटिंग करतो, मग ती अडचण कशाला?

दुसरी वाट हार्डवेअर रेडच्या डब्यांची. क्यूनॅप कंपनीचा टीआर-००४ हे त्यातलं ठळक नाव. मागच्या बाजूला छोटे डिप स्विच असतात, त्यावरून रेड ०, १, ५, १० किंवा सुट्या डिस्क असं निवडता येतं. रेड ५ मध्ये चारातली एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, आणि ज्याला काम थांबवून चालत नाही त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. माझी भीती वेगळी होती. रेड डब्यातली चिप करते, आणि डिस्कवर माहिती कशी विखुरायची हे तीच ठरवते. उद्या डिस्क चांगल्या राहिल्या आणि डबाच मेला, तर त्या चार डिस्क पीसीला थेट लावून काही दिसेलच याची खात्री नाही. तसाच डबा शोधावा लागतो, आणि काही वर्षांनी तो बाजारात असेलच असं नाही. शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाइल चारही डिस्कवरून एकदमच जाते. वळवाच्या पावसात वीज कोसळून लाइनमधून झटका आला तर एका डब्यातल्या चारही डिस्कना तो एकाच वेळी बसतो.

म्हणून तिसरी वाट धरली: रेड नाही, प्रत्येक डिस्क विंडोजमध्ये आपलं वेगळं अक्षर घेऊन दिसते, पाठीमागे एक टाइप-सी पोर्ट आणि एक पंखा. किंमत तेरा हजारांच्या आसपास पडली, डिस्क वेगळ्या.

डबा आल्यावर सगळ्यात आधी एक चाचणी केली आणि ती प्रत्येकाने करावी असं मनापासून वाटतं. एक कोरी डिस्क डब्यात फॉरमॅट केली, त्यावर एक नाटक टाकलं, मग डिस्क काढून पीसीच्या कॅबिनेटमध्ये थेट साटा केबलला (आतल्या डिस्क जोडायच्या केबलला) लावली. फाइल तशीच उघडली. हे गृहीत धरू नका. काही यूएसबी चिप डिस्कचे सेक्टर (डेटा लिहायचे छोटे कप्पे) ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचं पीसीला सांगतात. अशा डब्यात फॉरमॅट केलेली डिस्क थेट लावली की विंडोज ती कोरी समजतं आणि फॉरमॅट करू का म्हणून विचारतं. डेटा जागेवर असतो, पण बघणाऱ्याचं काळीज थांबतं. दुसरी गोष्ट, क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडून चारही डिस्कचे सिरीयल नंबर वेगवेगळे दिसतात का ते पाहा. काही डबे सगळ्यांना एकच नंबर देतात, मग अनेक डिस्क एकत्र चालवणारं विंडोजचं स्टोरेज स्पेसेस किंवा लिनक्सवरचं झेडएफएस गोंधळतं. माझ्या डब्यात नंबर आणि स्मार्टची माहिती (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) दोन्ही नीट दिसतात.

त्या स्मार्टचा उपयोग लवकरच झाला. जानेवारीत एका खणातल्या डिस्कवर कॉपी मध्येच अडखळायला लागली. यादीत रीअलोकेटेड आणि पेंडिंग (खराब म्हणून बदललेले आणि संशयित) सेक्टर दोन्ही शून्य होते, पण सी७ ही सीआरसी एररची ओळ वाढत होती. हा आकडा डिस्क खराब झाल्याचं सांगत नाही, डिस्क आणि पीसी यांच्यामधला रस्ता खराब आहे असं सांगतो. ट्रे बाहेर काढून पाहिला तर डिस्क त्यात किंचित तिरकी बसली होती, चार स्क्रूंपैकी एकाचा आटा धरला नव्हता. स्क्रू बदलला, ट्रे खटकन बसेपर्यंत लोटला, आकडा तिथेच थांबला तो आजवर. स्क्रूशिवाय नुसत्या क्लिपवर डिस्क धरणारे ट्रे मला त्यामुळे कमीच आवडतात. या डब्यात दोन्ही सोयी आहेत, मी स्क्रूच लावतो.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चांगली साडेतीन इंची डिस्क बाहेरच्या बाजूला सेकंदाला दोनशे एमबीच्या आगेमागे चालते आणि भरत आली की आतल्या ट्रॅकवर निम्म्यापर्यंत उतरते. ५ जीबीपीएसच्या यूएसबीतून प्रत्यक्षात चारशेच्या वर मिळतात. एका वेळी एक-दोन डिस्क चालवणाऱ्याला तेवढं पुरतं. १० जीबीपीएसचा फायदा रेड ० किंवा ५ केलं, नाहीतर खणात एसएसडी घातल्या तरच. एक मात्र नक्की करा: केबल पीसीच्या मागच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टवर मोठी कॉपी चालू असताना माझा डबा अधूनमधून सुटायचा, मागे लावल्यापासून एकदाही सुटला नाही.

विजेबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण परदेशी रिव्ह्यूंमध्ये हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे पावसात लाईट दिवसातून कितीदा जाईल त्याचा नेम नाही. पीसी इन्व्हर्टरवर आहे, आणि इन्व्हर्टरचा स्विच यूपीएस मोडवर असला तरच तो न बंद पडता तरतो. डब्याचा ॲडॅप्टरही त्याच बोर्डवर हवा. पीसी चालू आणि डबा बंद, तेही फाइल लिहिता लिहिता, ही सगळ्यात वाईट अवस्था. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करा. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं, म्हणून अर्धवट तुटलेल्या कॉपीनंतर ती डिस्क जास्त धोक्यात असते. विंडोजमध्ये डिस्कची पॉलिसी 'क्विक रिमूव्हल'वरच (लिहिलेलं लगेच डिस्कवर पोहोचवणारी) ठेवा, नव्या विंडोजमध्ये ती मुळातच तशी असते. आणि घेताना बटण बघून घ्या. माझ्या डब्याला दाबून आत बसणारं खटक्याचं बटण आहे, लाईट आली की डबा आपोआप सुरू होतो. नुसतं टिचकीचं बटण असलेले काही डबे लाईट आल्यावर बंदच राहतात, आणि रात्रभर लावून ठेवलेली कॉपी सकाळी तशीच पडलेली मिळते.

जूनमध्ये ॲडॅप्टर गेला. ढगांचा गडगडाट नाही, काही नाही, सकाळी डबा चालूच होईना. १२ व्होल्टचा, चार पिनांच्या गोल प्लगचा ॲडॅप्टर. इथल्या दुकानदाराकडे तसा प्लग असलेला एक निघाला, डब्यात बसलाही. पण तो जोडून डबा चालू करण्याआधी मल्टिमीटरने पिना तपासल्या आणि प्लस-मायनस उलटे निघाले. या प्लगची पिनरचना सगळ्यांची एकसारखी नसते, त्यामुळे प्लग बसला म्हणून ॲडॅप्टर चालतो असं समजणं चारही डिस्कच्या जिवावर बेतू शकतं. अँपिअरही बघावे लागतात. मोठी डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण दोन अँपिअर ओढते, म्हणून चांगला डबा चारही डिस्क एकदम सुरू न करता एकामागून एक फिरवतो. योग्य ॲडॅप्टर मुंबईहून यायला आठवडा लागला. तोवर हव्या त्या डिस्क काढून कॅबिनेटमध्ये लावल्या आणि एडिटिंग चालू राहिलं. साधा डबा घ्या असं मी एवढ्या आग्रहाने का सांगतो, त्याचं उत्तर त्या आठवड्यात आहे. नवा ॲडॅप्टर मागवताना जोडीला एक जादाही मागवला.

उकाड्याचं म्हणाल तर मे महिन्यात खोलीत ३४ अंश असताना रात्रीच्या लांब कॉपीत मधली डिस्क ४७ अंशांवर गेली. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० च्या आसपास असते, पण मला ४५ च्या वर नको वाटतं. एक खण रिकामा ठेवून डिस्क लांब लांब बसवल्या तर तीन-चार अंश उतरले. म्हणून सध्या दोन ८ टीबीच्या, एक जुनी ४ टीबीची आणि त्यांच्यामध्ये एक मोकळा खण अशी मांडणी आहे. पंखा ऑटोवर ठेवला तर उशिरा जागा होतो, मी कायम चालूच ठेवतो. आवाज पंख्यापेक्षा घरघरीचा जास्त. लाकडी टेबल सगळं टेबलच घुमवतं. खाली जाड रबरी मॅट घातल्यावर शेजारी बसून आवाज मिक्स करता येतो, पण झोपायच्या खोलीत मी हा डबा ठेवणार नाही.

पावसाळ्यात डबा रोज थोडा वेळ तरी चालू ठेवला. डिस्क कोमट राहिली की दमट हवा तिच्यावर बसत नाही. कपाटात बंद करून ठेवलेल्या डिस्कसोबत हवाबंद डबा आणि सिलिका जेल. लेबल चिकटवताना एक जपा: हीलियम न भरलेल्या साध्या डिस्कला फिल्टर लावलेलं एक बारीक भोक असतं, हवेचा दाब सारखा राहावा म्हणून. ते झाकायचं नसतं. मी आख्यानांची नावं डिस्कवर न लिहिता ट्रेच्या कडेला पट्टी लावून लिहितो.

डिस्क घेताना सीएमआर, म्हणजे ट्रॅक शेजारी शेजारी ठेवणारी, आहे का ते विचारा. एसएमआर डिस्कवर ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे जुनं पुसून नवं लिहिताना ती रखडते. नाव पाहून हे कळत नाही. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की नॅससाठी विकल्या जाणाऱ्या तिच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. एकदाच लिहून ठेवून द्यायच्या प्रतीसाठी एसएमआर चालते, रोजच्या कामाला सीएमआरच. आणि ८ टीबीच्या डिस्कवर विंडोज ७.२७ दाखवतं, ते मोजण्याच्या पद्धतीमुळे, दुकानदाराने फसवलेलं नसतं.

न आवडलेलं म्हणजे झोपेची वेळ. अर्धा तास काम नसलं की डबा डिस्क थांबवतो आणि ती वेळ बदलता येत नाही. मग फोल्डर उघडलं की आठ-दहा सेकंद एक्सप्लोरर गोठतो. टाइमलाइनवर काम चालू असताना हे खटकतं. पुढचे दिवे निळे आणि फार प्रखर आहेत, त्यांवर काळी टेप लावली. ट्रेला कुलूप नाही, घरात लहान मूल असेल तर हे लक्षात घ्या.

प्रतींची व्यवस्था अशी: नाटकाहून आलो की कार्डावरून टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्रामने, व्हेरिफाय (प्रत मूळ फाइलशी पडताळणं) चालू ठेवून, दोन्ही ८ टीबी डिस्कवर एक-एक प्रत. दोन्ही नीट उघडल्याशिवाय कार्ड फॉरमॅट होत नाही. तिसरी प्रत सुट्या डिस्कवर सावंतवाडीला बहिणीकडे, महिन्यातून एकदा अदलाबदल. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. माझी माध्यमं दोन प्रकारची नाहीत, सगळ्या हार्ड डिस्कच आहेत. तेवढी उणीव एका मंडळाच्या निवडक प्रयोगांपुरती ब्ल्यू-रे डिस्कवर भरून काढतोय.

दोन्ही ८ टीबी आता पाऊण भरल्या आहेत. कार्तिकाच्या आत दोन मोठ्या डिस्क घ्यायच्या आहेत. त्या हीलियमच्या असतील, तेव्हा त्या आणि या एकत्र चालताना मधल्या खणाचं तापमान किती जातं ते पुढच्या मे महिन्यात मोजून इथेच खाली लिहीन.